दुखण्याच्या अलीकडची सत्तावीस वर्षं

मुंबई, १६ जानेवारी १९०१, रात्रीचे दहा वाजून गेलेत. तुम्ही दाराच्या आडोशाला अंग चोरून उभे आहात. खरं तर अंग चोरायचं कारण नाही, इथे तुम्ही कुणाला दिसत नाही की ऐकू जात नाही. खोलीत मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आहेत. थोराड देह, पण आज त्या देहात बळ नाही. परवा १८ तारखेला त्यांना एकोणसाठ पुरी व्हायची आहेत. शेजारी रमाबाई आहेत, अजून एकोणचाळिशीही न गाठलेल्या. हृदयाचं दुखणं मागे लागल्यापासून रात्रीची कळ या घराच्या ओळखीची झाली आहे. आजची कळ मात्र नेहमीची नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचा हात नकळत खिशाकडे जातो. हृदयविकाराचा रुग्ण घरात असला की घरच्यांच्या खिशात असतात त्या दोन गोळ्या तिथे आहेत, जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची एक आणि अ‍ॅस्पिरिनची एक. चुटपुट लावणारी गोष्ट ही की दोन्ही औषधं या जगात आलेली आहेत. छातीतल्या कळेवर नायट्रोग्लिसरीन चालतं हे लंडनच्या एका डॉक्टरने १८७९ मध्येच छापून ठेवलंय. अ‍ॅस्पिरिन जर्मनीत १८९९ पासून विकायला आहे, पण अंगदुखीवर नि तापावर. ते हृदयासाठी घ्यायचं असतं हे कळायला अजून अर्धं शतक जायचंय, आणि ईसीजीचं यंत्र हॉलंडात आत्ता कुठे आकाराला येतंय. हात मागे घ्या. या प्रवासात बघायची मुभा आहे, ढवळाढवळ करायची नाही.

साडेदहाच्या सुमारास सगळं संपतं. आठवड्याच्या आत, २२ तारखेला, तिकडे इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीही जाईल आणि वर्तमानपत्रांचे रकाने काळ्या चौकटींनी भरून जातील. या घरात मात्र एकच माणूस गेलाय.

आता जरा स्वतःलाच विचारा, कुठलीही तारीख मागता आली असती, मग तुम्ही नेमके इथेच का उतरलात? लांबलेल्या दुखण्यात ज्यांनी कुणाचं उशापायथ्याशी बसून केलंय, त्यांच्या आठवणी आपसूक इथेच येऊन थांबतात. औषधाच्या वेळा, पाठीशी लावायच्या उशा, कण्हण्याच्या आवाजाने रात्री येणारी जाग. माणूस गेला की डोळ्यांसमोर येतो तो शेवटच्या आजारातला चेहरा. त्याच्या आड, त्याआधी हसलेला, चिडलेला, चुकलेला धडधाकट माणूस कितीतरी दिवस दिसतच नाही. रमाबाईंचंही असंच व्हायचं. पण त्यांनी तसं होऊ दिलं नाही. कसं, ते बघायचं तर सत्तावीस वर्षं मागे जायला हवं.

पुणे, डिसेंबर १८७३. थंडी बोचरी आहे, शालीत गुरफटून घ्या. गावात आज एका लग्नाची कुजबुज चाललीये, आणि ती प्रेमळ नाही. नवरदेव एकतीस वर्षांचा, पुण्याच्या कोर्टात पहिल्या वर्गाचा सबजज्ज, विधवाविवाहाच्या चळवळीत वर नाव असलेला. त्याची पहिली बायको काही महिन्यांपूर्वी गेली. आता हा बोलल्याप्रमाणे करून दाखवणार आणि एखाद्या विधवेशी लग्न लावणार, म्हणून अर्धं गाव आशेने आणि अर्धं गाव धास्तीने वाट बघत होतं. सगळ्यांत मोठी धास्ती वडिलांना, गोविंदरावांना. त्यांनी घाईने मुलगी ठरवली. मुलाने विनवण्या केल्या, मुदत मागितली. वडील हलले नाहीत. शेवटी मुलगा नमला.

मुलगी सातारा भागातल्या देवराष्ट्राची, कुर्लेकरांची यमुना. अकरा वर्षांची. सासरी ती रमा होईल.

लग्न लागतं. मिरवणूक नाही, वाजंत्री नाही. नवरदेव पायी घरी येतो, खोलीत जातो आणि दार लावून घेतो. दाराबाहेर उभ्या त्या मुलीकडे बघून तुम्हाला गलबलून येतं आणि आतल्या माणसाचा संताप येतो. दोन्ही गोष्टी मनात राहू द्या. हा दिवस पुढे एका पुस्तकात छापला जाणार आहे, आणि तो छापणारी व्यक्ती तुमच्यासमोर दाराबाहेर उभी आहे.

काही दिवस थांबा आणि मग रात्री वरच्या खोलीत या. दिवा आहे, पाटी आहे, पेन्सिल आहे. नवऱ्याने मुलीला तिचं माहेर विचारलं, माणसं विचारली आणि मग लिहिता-वाचता येतं का ते विचारलं. येत नाही. कसं येणार? मुलगी शिकली की तिला वैधव्य येतं, अशी समजूत त्या काळी घरोघर होती. मग त्याच रात्री धडा सुरू होतो. पेन्सिल बोटांत धरायची कशी इथपासून सुरुवात आहे. ती घट्ट धरते, टोक मोडतं. श्री गिरवायला वेळ लागतो, ग त्याहून लवकर जमतो. कोर्टात दिवसभर दाव्यांचा निकाल लावून आलेला माणूस इथे एका वेलांटीपाशी थांबून राहतो. घाई करत नाही.

ही दया आहे, की स्वतःच्या शरमेची भरपाई, की मनात रुजलेलं तत्त्व निदान इथे तरी खरं करून दाखवायची धडपड? तिन्ही असावं. रमाबाईंनी उत्तर दिलेलं नाही. त्यांनी पाटी तेवढी नोंदवून ठेवली.

दिवसाउजेडी हेच घर वेगळं असतं. स्वयंपाकघरात पाय ठेवा, म्हणजे कळेल. घरात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ, त्यांत विधवा झालेल्याही. ज्यांच्या हातून आयुष्याने सगळं काढून घेतलं, त्यांच्यासमोर ही पोर पुस्तक घेऊन बसते. टोमणे सुरू होतात. ती वाचायला लागली म्हणून, मग इंग्रजी शिकू लागली म्हणून, मग सभेला गेली म्हणून. ती वर तक्रार घेऊन जाते तेव्हा नवरा सांगतो, उलट बोलायचं नाही, सोसायचं आणि शिकणं सोडायचं नाही. तुम्हाला हा सल्ला पटत नाही. खाली जाऊन त्याने दोन शब्द सुनवावेत असं तुम्हाला वाटतं. तो जात नाही. वडिलांसमोर शेवटी मिटलेलं तोंड घरातल्या बायकांसमोरही तो फारसं उघडत नाही.

आता मात्र रात्रीची निजानीज होईपर्यंत थांबा, कारण या संसाराचा गाभा त्या वेळेत आहे. विद्यार्थिदशेत वाचून वाचून त्यांचे डोळे अधू झालेले. म्हणून वाचायचं काम तिचं. ती त्यांच्या तळपायांना तूप चोळते आणि वाचून दाखवते, अडली की ते डोळे न उघडता शब्द सांगतात. कधी तिच्या हातून त्यांच्या मनाविरुद्ध काही झालं, तर ओरडणं नाही. ते मुकाट पडून राहतात. ती चोळत राहते, ते बोलत नाहीत. रागावून दोन शब्द बोलले असते तर बरं, असं तिला होऊन जातं. पहाटे जाग आली की हेच गृहस्थ अंधारात तुकोबांचे, नामदेवांचे अभंग म्हणतात, टाळ्या नि चुटक्या वाजवत, डोळ्यांतून पाणी वाहत असतं. दिवसा हा माणूस ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेचे अर्ज आणि सरकारला पाठवायची निवेदनं लिहितो. अंधारातला माणूस फक्त तिलाच माहीत आहे.

पुढे जरा भरभर चला. १८७९ साली मे महिन्यात पुण्यातला बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळाले. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चाललेलं, आणि सरकारच्या मनात रानड्यांबद्दल संशय. त्यांना तातडीने धुळ्याला धाडलं. तिथे त्यांची पत्रं फोडून मग घरी येत. बंडवाल्यांच्या नावाने बनावट चिठ्ठ्याही येत, त्या ते पोलिसांकडे पोचत्या करत. नवख्या गावात, नवऱ्यावर पाळत आहे हे जाणून ती संसार लावते. या वेळी ती सतरा वर्षांची आहे.

पाच वर्षांत तीच मुलगी पुण्यात गव्हर्नरसमोर उभी राहून मुलींचं हायस्कूल मागणारं निवेदन इंग्रजीतून वाचते. १८८४ मध्ये ते हायस्कूल निघतं, पुढे सगळं पुणं त्याला हुजूरपागा म्हणून ओळखेल. तुम्ही मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवा. घरी तिचं स्वागत कसं होईल ते मात्र बघायला जाऊ नका.

कलकत्ता, १८८६. सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमणूक झाल्यामुळे ही दोघं इथे आली आहेत. सकाळची वेळ आहे, आतल्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतोय. रमाबाई कोण आलंय ते बघायला येतात, त्यांच्या मागोमाग तुम्हीही या. न्हावी दाढी करतोय. चाळिशी ओलांडलेले जज्जसाहेब गालाला साबण लावून, हातात बंगाली पुस्तक धरून मोठ्याने वाचतायत. उच्चार चुकला की न्हावी वस्तरा थांबवतो, दुरुस्त करून देतो, शब्दाचा अर्थ सांगतो आणि पुन्हा हात चालवू लागतो. गुरुजींना शिष्याची हनुवटी वर करायचीही मुभा आहे. रमाबाईंना हसू आवरत नाही. नंतर त्या त्यांना चिडवतात, दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले होते, त्यांत आपण आणखी एकाची भर घातलीत. पाटीवर अडणाऱ्या मुलीपासून नवऱ्याची थट्टा करणाऱ्या बायकोपर्यंत हे घर किती लांब आलंय, ते या एका हसण्यावरून कळतं.

असेच आंबे. पेटी आलेली असते, त्या कापून फोडी पुढे ठेवतात. ते एक-दोन खातात, गोड आहे म्हणतात आणि ताट सारतात. का, म्हणून त्या विचारतात. जिभेला लाडावून ठेवायचं नाही, एवढाच त्यांच्या उत्तराचा अर्थ. रमाबाईंना हे पटलं नसावं, असं तुम्हाला वाटतं. आवडीने कापलेल्या फोडी तशाच उरलेल्या कुठल्या बाईला आवडतील?

पुढचा मुक्काम टाळता आला असता तर बरं झालं असतं. पण टाळू नका, रमाबाईंनीही टाळलेला नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा देण्यात आला. कुणी घेतला, कुणी पेला नुसता तोंडाला लावला. मंडळींत रानडे होते, टिळक होते, तरुण गोखले होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात हलकल्लोळ झाला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! बहिष्कार आला, शंकराचार्यांकडे प्रकरण गेलं. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. स्वतःला गरज होती म्हणून नाही, एका मित्राची घरातल्या घरात कुचंबणा चालली होती म्हणून. सुधारक मंडळी खवळली, सनातन्यांना गुदगुल्या झाल्या. आणि रमाबाई? त्यांनाही ते रुचलं नाही. ज्या माणसाने हाताला धरून त्यांना घराबाहेर काढलं, समाजाचे टोमणे सोसायला शिकवलं, तोच नमला. दुसऱ्यांदा.

इथे तुमचा पहिल्या दिवसाचा राग पुन्हा वर येईल. पण आता तुम्ही या माणसाला जवळून ओळखता. एखाद्याचं मन मोडण्यापेक्षा स्वतःचं नाव खाली गेलेलं त्याला चालतं. हा गुण म्हणायचा की दोष, हे वेळेवर ठरतं. १८७३ मध्ये त्याची किंमत एका विधवेने मोजली, जिचं नावही कुणाला माहीत नाही, कारण ते लग्न झालंच नाही. रमाबाई या दोन्ही प्रसंगांत नवऱ्याची वकिली करतात, पण प्रसंग लपवत नाहीत. ज्याच्यावर खरंच जीव आहे, त्याच्याबद्दलच असं लिहिता येतं.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग गेले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात आले. पुणं सुटलं. मग प्लेगाची वर्षं आली. आणि मग दुखणं.

इथे पाऊल हळू टाका. १९०० साल. याच वर्षी त्यांचं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक छापून आलंय. कोर्ट चालू आहे, पत्रव्यवहार चालू आहे. दुखणं तब्येतीत शिरतं ते असं, कामाच्या आड लपून. कळ आली की ते बोलत नाहीत, ओठ मिटून घेतात. बायकोला कळतंच. सत्तावीस वर्षं ज्या तळपायांवर हात फिरला, त्या पायांचा ताठरपणा तिच्या हातांना कळणार नाही का? पण ते सांगत नाहीत म्हणून ती विचारत नाही, आणि ती विचारत नाही म्हणून त्यांना वाटतं की कळलेलं नाही. असं एकमेकांपासून लपवणं आजारी माणसाच्या कुठल्या घरात होत नाही? डॉक्टर विश्रांती सांगतात. विश्रांती म्हणजे काय, हे या माणसाला कधी शिकवलेलंच नाही.

डिसेंबरात लाहोरला काँग्रेस आणि तिच्या मांडवात सामाजिक परिषद भरायची आहे. १८८७ पासून ही परिषद त्यांनी चालवली. या वर्षी डॉक्टर जाऊ देत नाहीत. वसिष्ठ आणि विश्वामित्र या विषयावरचं भाषण त्यांनी लिहून काढलंय, ते वाचायला गोखले जातात. आजाराने आलेला अशक्तपणा त्यांनी सोसला, हा खाडा त्यांना सोसत नाही. मग जानेवारीपासून सहा महिन्यांची रजा घेतली जाते. रजेच्या अर्जावर सही करणाऱ्या माणसाला बघून रमाबाईंच्या पोटात कसा खड्डा पडला असेल, ते तुमचं तुम्ही समजून घ्या.

१६ तारखेची रात्र तुम्ही पाहिली आहे. ती ओलांडा आणि पुढे चला.

पुण्यात सुमारे वर्षभर रमाबाई घराबाहेर पडत नाहीत. त्या काळची रीतच ती. शिकली की वैधव्य येतं, असं म्हणणाऱ्यांना आता बोट दाखवायला जागा मिळाली होती. मग हळूहळू त्या उठतात. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन स्त्री-कैद्यांना भेटतात. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसतात. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांबरोबर पुण्यात सेवासदन उभं करतात. तिथे विधवा येतात, नवऱ्याने टाकलेल्या येतात, घरची कामं उरकून दुपारी पाटी घेऊन बसणाऱ्या प्रौढ बायका येतात. काही जणी पुढे ससून हॉस्पिटलात परिचारिकेचं शिक्षण घेतील. परक्याच्या दुखण्याशी बसणं हेही काम आहे, त्याला शिक्षण लागतं, त्याचा पगार मिळतो, ही गोष्ट मध्यमवर्गीय घरांना अजून नवीन आहे. सगळ्याजणी त्यांना वहिनी म्हणतात.

आणि याच वर्षांत वहिनी लिहितात. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक बाहेर येतं. पुस्तकाच्या दुकानात उभं राहून नुसतं चाळा. अशा आठवणी लिहिणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? नवऱ्याच्या कीर्तीपासून, भरलेल्या सभांपासून, जमलेल्या गर्दीपासून. रमाबाई अशी सुरुवात करत नाहीत. त्यांच्या पुस्तकात ज्याने नमतं घेतलं तो नवरा आहे, रात्री मुकाट पडून राहणारा आहे, आंब्याच्या फोडी सारून ठेवणारा आहे. दुखणं येतं, पण आपल्या जागी, शेवटी. तोवर वाचकाला कळलेलं असतं की कोण जातंय, आणि म्हणून ती पानं वाचवत नाहीत.

१९२४ मध्ये न. र. फाटकांनी लिहिलेलं रानड्यांचं थोरलं चरित्र प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी रमाबाईही गेल्या, शेवटच्या वर्षांपर्यंत मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मतासाठी झगडत. रानड्यांचे निकाल हायकोर्टाच्या दप्तरात आहेत, अर्थशास्त्रावरची भाषणं छापलेली आहेत, सार्वजनिक सभेचे ठराव आहेत. कागद धुंडाळणाऱ्याला न्यायमूर्ती केव्हाही सापडतील. गालाला साबण लावून न्हाव्याकडून बंगाली शिकणारा माणूस मात्र कुठल्याच दप्तरात नव्हता. तो एका बाईच्या आठवणीत होता, आणि त्यानेच तिला लिहायला शिकवून ठेवलं होतं.